गाडी ४० मिमी खाली घेतली तर प्रवासात नेमका काय फरक पडतो? (मुंबईचे रस्ते धरून)

गोराईकर

नमस्कार मंडळी. माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, टायर कंपनीचेच, १८५/६५ आर १५ (१८५ मिमी रुंदी, भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची). गाडी ४० मिमी खाली घ्यायचा विचार बरेच दिवस डोक्यात आहे. एक म्हणजे दिसायला फार सुंदर दिसते, चाक आणि मडगार्डमधली ती मोठी फट मला बघवत नाही. दुसरं म्हणजे वळणावर गाडी झुकते, ती कमी झुकावी असं वाटतं.

रोजचं बोरिवली ते लोअर परळ, बहुतेक वेळा मी एकटाच. सुट्टीच्या दिवशी मात्र आई-बाबा मागे असतात, आणि अधूनमधून सगळे मिळून पुण्याला जातो. आईच्या मणक्याचं दुखणं जुनं आहे. गॅरेजवाला म्हणतो, "फक्त स्प्रिंगा बदलायच्या, अर्ध्या दिवसाचं काम, फरक कळणारसुद्धा नाही." मित्र म्हणतो, हाडं खिळखिळी होतील.

"करू नको" किंवा "बिनधास्त कर" यापेक्षा आत काय बदलतं ते समजून घ्यायचंय. मग ठरवेन.

चाकोरी

नुसत्या स्प्रिंगा की शॉकअपसकट पूर्ण संच? आणि तो गॅरेजवाला असलेल्याच स्प्रिंगा कापून देणार असेल तर आजच नाही म्हणून सांग.

यंत्रवेडा

गोराईकर, सस्पेन्शन हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

उंची कमी झाल्यामुळे गाडी आदळत नाही. समजा स्प्रिंगचा कडकपणा तोच ठेवला आणि गाडी नुसती ४० मिमी खाली बसवली, तर गुळगुळीत रस्त्यावर डोळे मिटून बसलेल्याला काहीही कळणार नाही. प्रश्न येतो तो चाकाला वर जायला जागा किती उरली याचा.

चाक खड्ड्याच्या कडेवर चढतं तेव्हा ते वर सरकतं आणि स्प्रिंग दबते. हा प्रवास अमर्याद नसतो. शॉकअपच्या दांड्यावर वरच्या बाजूला फोमसारखा दिसणारा पॉलियुरेथेनचा एक तुकडा असतो, बम्प स्टॉप. शॉकअपची नळी त्याला टेकली की स्प्रिंगच्या जोडीला तोही दबायला लागतो आणि कडकपणा एकदम चढतो. तुम्हाला जो "धाड्" असा दचका बसतो तो बहुतेक वेळा हाच. आता समजा, मुळात बम्प स्टॉपपर्यंत ८० मिमी जागा होती. गाडी ४० मिमी खाली आली, म्हणजे जागा ४० मिमी उरली. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तोच धक्का निम्म्या जागेत गिळायचा तर स्प्रिंग दुप्पट नाही, चौपट कडक लागेल. एवढी कडक स्प्रिंग रोजच्या गाडीला कोणी देत नाही. बाजारातल्या लोअरिंग स्प्रिंगा साधारण २० ते ३० टक्के कडक असतात. उरलेला धक्का कोण घेणार? बम्प स्टॉप घेणार, आणि त्यानंतर तुमची पाठ.

म्हणून माझ्या मते "गाडी किती खाली घेऊ" हा प्रश्नच दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न: माणसं आणि सामान भरल्यावर माझ्या गाडीत बम्प स्टॉपपर्यंत किती मिलिमीटर शिल्लक असतात? हा आकडा हातात नसताना ४० म्हणायला काही आधारच नाही.

घाटवळण

यंत्रवेडा, गणित मान्य आहे, पण चित्र फार काळं रंगवलंत. माझी सेडान ३० मिमी खाली आहे, स्प्रिंग आणि शॉकअप एकाच कंपनीचे, एकमेकांसाठी बनवलेले. कोस्टल रोडवर आणि सी लिंकवर ८० च्या वेगाला गाडी आधीपेक्षा शांत चालते. आधी पुलाच्या प्रत्येक सांध्यानंतर ती दोन-तीनदा डुलायची. आता एकदा दबते आणि बसते. माझ्या बायकोला गाडी लागायची, ते जवळजवळ बंद झालं. "खाली घेतली म्हणजे त्रासदायक झाली" हे सरसकट विधान मला पटत नाही.

यंत्रवेडा

घाटवळण, तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि त्याला कारण आहे.

प्रत्येक गाडीचा स्प्रिंगवर वरखाली डुलण्याचा स्वतःचा एक वेग असतो. साध्या प्रवासी गाड्यांत तो सेकंदाला १ ते १.५ हेलकाव्यांच्या आसपास ठेवतात. अंदाज घ्यायचा सोपा मार्ग म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाने सस्पेन्शन चाकापाशी किती दबलंय ते पाहायचं: सुमारे १७० मिमी असेल तर १.२ हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला १.२ हेलकावे), ११० मिमी असेल तर १.५, आणि ६० मिमीच्या आसपास आलं की २ हर्ट्झ. २ च्या पुढे गेलं की गाडी डुलत नाही, उडते. स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर ही लय सुमारे १४ टक्क्यांनी वाढते, म्हणजे १.२ चे १.३७ होतात. हे काही भयंकर नाही. तुमच्या सेडानमध्ये एवढंच झालं असणार.

खरा फायदा तुम्हाला शॉकअपने दिलाय. स्प्रिंगचं काम धक्का साठवायचं, शॉकअपचं काम तो जिरवायचं. स्प्रिंग कडक झाली की तिला आवरायला शॉकअपही तेवढाच ताकदीचा लागतो. तुम्ही दोन्ही बदललं. गोराईकरांचा गॅरेजवाला मात्र ३० टक्के कडक स्प्रिंगेखाली वापरून थकलेला जुना शॉकअप तसाच ठेवणार आहे. अगदी नवा शॉकअप असता तरी त्याची आवरण्याची क्षमता त्या स्प्रिंगेच्या मानाने १२ टक्क्यांनी कमी पडली असती. जुना असेल तर विचारायलाच नको. वर शॉकअपच्या नळीतला दट्ट्या रोज ज्या पट्ट्यात फिरत होता त्याच्या खालच्या, कधी न वापरलेल्या भागात ढकलला जातो. अशा वेळी खूप ठिकाणी तेलगळती सुरू होते.

मळमळ ही फार सावकाश डोलण्याने होते, सेकंदाला अर्ध्याहून कमी हेलकाव्यांच्या पट्ट्यात. शरीराला वरखाली धक्क्यांचा त्रास सर्वात जास्त होतो तो ४ ते ८ हर्ट्झच्या पट्ट्यात, बसलेल्या माणसाचा मणका तिथे थरथरतो. म्हणून वहिनींची मळमळ थांबणं आणि आईंची पाठ दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचा उपाय दुसरीला मारक ठरू शकतो.

माहीमची

मला यातलं यांत्रिक फार कळत नाही, पण मागच्या सीटवरून लिहिते, कारण इथे लिहिणारे सगळे स्टिअरिंगच्या मागे बसणारे दिसतायत.

आमच्या दिरांनी गाडी खाली करून घेतली. पुढे बसलं की खरंच छान वाटतं, गाडी रस्त्याला चिकटून जाते. सासूबाई आणि मी मागे बसतो. पेव्हर ब्लॉकचा पट्टा आला की सासूबाई दोन्ही हातांनी पुढच्या सीटची पाठ धरतात आणि सीटवरून थोड्या उचलल्या जातात. त्या काही बोलत नाहीत. मुलाने हौसेने केलंय म्हणून गप्प बसतात. दिरांना हे दिसतच नाही, कारण त्यांची नजर रस्त्यावर आणि पुढे सगळं ठीक. तेव्हा गोराईकर, अशी गाडी घेतलेला कोणी ओळखीचा असेल तर त्याच्या गाडीत चाचणीसाठी स्वतः मागे बसा, तेही मागच्या चाकाच्या बरोबर वर, आणि आईंना विचारायचं असेल तर असं विचारा की त्यांना "नको" म्हणता येईल.

यंत्रवेडा

माहीमची, फार मोलाचं लिहिलंत. याला शास्त्र आहे. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, सुमारे २.४५ मीटर धरला आणि वेग ६०, तर पुढचं चाक उंचवट्यावरून गेल्यानंतर मागचं चाक जवळपास ०.१५ सेकंदांनी तिथे पोचतं. पुढची आणि मागची बाजू एकाच लयीत डुलत असेल तर दोन्ही हेलकावे एकमेकांमागे राहतात आणि गाडी होडीसारखी पुढेमागे कलते. मॉरिस ऑली नावाचा इंग्रज अभियंता होता, आधी रोल्स-रॉईसमध्ये आणि नंतर जनरल मोटर्समध्ये. त्याने १९३० च्या दशकात प्रयोग करून दाखवलं की मागची लय पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवली तर मागची बाजू पुढचीला गाठते आणि गाडी सपाट वरखाली होते. कंपन्या आजही पुढच्या-मागच्या स्प्रिंगांचं प्रमाण असं विचारपूर्वक ठरवतात. "चारही कोपरे सारखे खाली" या हिशोबाने बनवलेल्या स्वस्त स्प्रिंगा हे प्रमाण मोडतात. त्याची किंमत मागे बसलेल्यांनाच मोजावी लागते, कारण ते जवळजवळ धुर्‍यावर बसलेले असतात.

कुर्ला_गॅरेज

माझं गॅरेज आहे, सीएसटी रोडच्या मागे. स्प्रिंग कापायचा विषय निघाला म्हणून लिहितोय. आमच्याकडे दुसरीकडून कापून आलेल्या गाड्या येतात, त्या बघून जीव तळमळतो.

परवा एक गाडी आली, पुढून "कट कट" आवाज. चाक उचललं तर स्प्रिंग वरच्या वाटीत मोकळी फिरत होती, हाताने गोल फिरवता येत होती. दीड वेढा कापलेला, तोही गॅसने. कापलेलं टोक निळं-काळं पडलेलं, आणि वाटीतल्या रबराला त्या टोकाने खोल चर पाडलेला. कंपनीच्या स्प्रिंगेचं टोक वाटीत बसेल असं वळवलेलं असतं, हिचं टोक नुसतं टेकलेलं. चाक मोठ्या खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग सुटी होणार आणि परत दबताना वाकडी बसणार. एखाद दिवशी बसणारच नाही.

लोकांना वाटतं वेढा कापला की स्प्रिंग नरम होते. उलट आहे. वेढे जितके कमी तितकी स्प्रिंग कडक. सहा कामाचे वेढे असतील आणि एक कापला तर वीस टक्के कडक झाली. वर गॅसच्या उष्णतेने तिथलं पोलादाचं पाणी उतरतं, मग ती तिथेच तुटते.

आणि हे करून गिऱ्हाईक महिन्याभराने लिंक रॉड, लोअर आर्मचे (चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश, स्ट्रट माउंट (शॉकअपची वरची बैठक) बदलायला घेऊन येतो. शॉकअप आदळायला लागला की तो मार आधी माउंटला बसतो.

पारसिक

टायर विसरू नका. गाडी खाली घेणारे बहुतेक जण त्याच फेरीत मोठे अलॉयही टाकतात. १८५/६५ आर १५ च्या टायरची भिंत १२० मिमी. त्याऐवजी २०५/४५ आर १७ टाकला तर भिंत ९२ मिमी. बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो म्हणून दुकानदार "फरक नाही" म्हणतो, पण हवेची २८ मिमी गादी गेली. बारीक खडबडीतपणा, मॅनहोलचं झाकण, काँक्रीटचा तुटलेला कोपरा, हे सगळं स्प्रिंगेपर्यंत पोचायच्या आधी टायरच खातो. ती भिंत गेली की खड्ड्यात रिम वाकते, टायरला फुगा येतो. पावसाळ्यात घोडबंदर रोडला पंक्चरवाल्यांकडे अशी वाकलेली अलॉय रांगेने पडलेली असतात.

दिसण्यासाठी एक पायरी चढायचीच असेल तर १९५/५५ आर १६ बघा. व्यास मूळ टायरइतकाच, भिंत १०७ मिमी. मधला मार्ग आहे.

नियमबद्ध

कायद्याची बाजू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. त्यात परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. विम्याच्या बाबतीत, केलेला बदल विमा कंपनीला लेखी कळवलेला नसेल तर अपघातानंतरच्या दाव्यात तोच मुद्दा पुढे येतो. सस्पेन्शन थेट ब्रेक आणि स्टिअरिंगशी जोडलेलं असल्याने हा दुर्लक्ष करण्यासारखा भाग नाही.

घाटवळण

पोट घासण्याबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. मला मोठ्या रस्त्यांवरच्या गतिरोधकांचा त्रास होत नाही, सोसायट्यांमधले काळे-पिवळे रबरी मात्र दरवेळी लागतात. असं का?

यंत्रवेडा

कारण आकार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. ताशी २५ किमीने जायला बनवलेला. तो तुमच्या व्हीलबेसपेक्षा रुंद आहे, त्यामुळे माथ्यावर असताना चारही चाकं त्याच्यावरच असतात आणि पोटाखाली त्याचा फुगवटा येतो तो जेमतेम ४४ मिमी. सोसायटीचा रबरी पट्टा एका हाताएवढा रुंद, त्याची सगळीच्या सगळी उंची पोटाखाली येते. वर दोन्ही चाकं त्यावरून उतरताना गाडी दबते. १६३ मिमी क्लिअरन्सच्या (जमिनीपासून पोटापर्यंतच्या उंचीच्या) हॅचबॅकमधून ४० वजा केले, मागे तिघं बसल्यावर आणखी ३० ते ३५ गेले, की मागच्या बाजूला ९० च्या आसपास उरतात. बेसमेंट पार्किंगच्या उताराचा वरचा कोपराही याच हिशोबात घ्या.

दादरचा_पाऊस

पावसाळा पण धरा. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे. एअर इनटेक (इंजिनात हवा शिरते ते तोंड) ४० मिमी खाली आला म्हणजे पाणी इंजिनात जायला तेवढी कमी उंची लागणार. एरवी जिथून निघून जाता आलं असतं तिथे थांबावं लागेल.

गोराईकर

सगळ्यांचे मनापासून आभार. यंत्रवेडा, तुम्ही म्हणालात तो आकडा काढला. ओळखीच्या मेकॅनिककडे मागचं चाक काढून शॉकअपवरचं धूळ-रबर वर सरकवलं. गाडी चाकांवर उभी असताना नळी आणि बम्प स्टॉप यांच्यात मोकळी गाडी असेल तर ६८ मिमी. आई, बाबा, बहीण मागे आणि डिकीत दोन बॅगा: ३४ मिमी.

मेकॅनिकने आणखी एक युक्ती सांगितली. शॉकअपच्या दांड्यावर एक झिप टाय घट्ट बांधून नळीला टेकवून ठेवली. चाक वर गेलं की नळी तिला वर ढकलते आणि ती तिथेच राहते. सगळ्यांना घेऊन बोरिवलीहून सर्व्हिस रोडने अंधेरीपर्यंत गेलो, मुद्दाम हळू. परत येऊन पाहिलं तर टाय बम्प स्टॉपला चिकटलेली, आणि त्याच्या खालच्या कडेवर ताजी चकाकी. म्हणजे मूळ उंचीवरसुद्धा माझी गाडी भरलेली असताना सगळी जागा वापरून टाकतेय.

यंत्रवेडा

गोराईकर, हे मोजमाप केलंत याचा खरोखर आनंद झाला. तुमचं उत्तर त्या ३४ मध्ये आहे. त्यातून ४० वजा होत नाहीत. गाडी खाली घेतल्यावर कुटुंब बसलं की मागचं सस्पेन्शन उभ्या जागीच बम्प स्टॉपवर टेकलेलं असेल. मग स्प्रिंग कुठल्या कंपनीची, किती महाग, याला अर्थ राहत नाही. रबराच्या तुकड्यावर बसून प्रवास.

आणि तुम्ही पुण्याचा उल्लेख केला म्हणून सांगतो. द्रुतगती मार्ग काँक्रीटचा आहे. काँक्रीटच्या रस्त्याला साधारण दर ४.५ मीटरला आडवा सांधा ठेवतात. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला जवळपास ५ सांधे. १०० ला ६. वर लिहिलेला ४ ते ८ चा पट्टा आठवा. सांधा चांगला राखलेला असेल आणि स्प्रिंग मोकळी असेल तर हा ठोका टायर आणि स्प्रिंग अडवतात. बम्प स्टॉपवर टेकलेल्या गाडीत तो जवळजवळ तसाच सीटमध्ये येतो, तासन्‌तास. आईंच्या मणक्याला एका मोठ्या खड्ड्यापेक्षा हे जास्त छळेल.

घाटवळण

३४ मिमी वाचून मीही माझं मत बदलतो, निदान या गाडीपुरतं. माझ्या सेडानमध्ये बहुतेक वेळा आम्ही दोघंच असतो आणि डिकी रिकामी, म्हणून जमतंय.

आणखी एक, किट घेणाऱ्यांसाठी. परदेशी किटवर "३५ मिमी" लिहिलेलं असतं ते तिकडच्या गाडीच्या उंचीवरून. इथे विकायला कंपन्या अनेक गाड्या मुळातच थोड्या उंच करतात. त्यामुळे तोच किट इथल्या गाडीला ३५ पेक्षा जास्त खाली बसवतो. मी दुकानात हे विचारलं तेव्हा कोणालाच सांगता आलं नाही.

चाकोरी

मग वळणावर झुकण्याचं काय? तो त्यांचा दुसरा मुद्दा राहिलाच.

यंत्रवेडा

तो तर गाडी खाली घेण्याचा सर्वात गैरसमजलेला फायदा. गुरुत्वमध्य ५५० मिमीवर धरला तर ४० ने खाली आणल्यावर वळणात बाहेरच्या चाकांवर जाणारा भार ७ टक्क्यांच्या आसपास घटतो. इथवर ठीक. पण पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. त्यात लोअर आर्म आडवा असतो किंवा चाकाच्या बाजूला किंचित खाली उतरता. गाडी खाली गेली की आर्मचं चाकाकडचं टोक वर येतं, उतार उलटा होतो. अशा वेळी गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, आणि झुकवणारी ताकदही वाढते. स्प्रिंग कडक असल्याने ते झाकलं जातं इतकंच. शिवाय टाय रॉडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांडीचा) कोन बदलतो, मग खड्ड्यात चाक वर गेलं की ते स्वतःच थोडं वळतं आणि स्टिअरिंग हातात ओढल्यासारखं वाटतं. अलाइनमेंट केलं नाही तर टायर आतल्या कडेने खातो.

झुकणं कमी करायला अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी, हा जास्त सरळ उपाय. दोन्ही चाकं एकदम वर गेली, जसं गतिरोधकावर, तर तो काहीच करत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की मात्र धक्का पलीकडच्या चाकाकडे नेतो आणि डोकं डावी-उजवीकडे हलतं. म्हणून मुंबईत फार जाड बारही नको.

तुमच्या गाडीत आधी शॉकअप बघा. बॉनेटचा कोपरा जोरात दाबून सोडला की गाडी वर येऊन तिथेच थांबायला हवी. परत खाली-वर झाली तर शॉकअप संपलाय. त्याच मापाचे नवे शॉकअप, नवे बम्प स्टॉप, वरचे माउंट आणि लोअर आर्मचे बुश, एवढं केलं तरी मूळ उंचीवर गाडी इतकी सरळ होते की बऱ्याच लोकांना खाली घ्यायची गरजच उरत नाही. मागचे तिघंही आरामात.

गोराईकर

बॉनेटची चाचणी केली, पुढे दीड हेलकावा, मागे त्याहून जास्त. ठरलं. चारही शॉकअप, माउंट आणि बुश मूळ मापाचे, आणि टायर झिजले की १९५/५५ आर १६. ती फट मला अजून खुपते, पण ३४ मिमी बघितल्यावर मन वळलं. काम करून घेताना कशावर लक्ष ठेवू?

कुर्ला_गॅरेज

शॉकअप कधी एकटा बदलू नका, जोडीने. नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून दांडा चार-पाच वेळा पूर्ण खाली-वर करायला सांगा, नळीतली हवा निघते. दांड्याला पकड लावून धरू देऊ नका, ओरखडा पडला की सील महिन्यात गळतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे अर्ध्या गॅरेजांत होत नाही: लोअर आर्मचे आणि मागच्या बीमचे बुशचे बोल्ट चाकं लोंबत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. हातघट्ट ठेवायचे, गाडी खाली उतरवायची, चाकांवर तिचं वजन येऊ द्यायचं, एक-दोनदा दाबून बसवायची, आणि मग खड्ड्यात उतरून किंवा चार खांबी लिफ्टवर बोल्ट आवळायचे. लोंबत्या चाकावर आवळले तर गाडी खाली आल्याबरोबर बुशमधलं रबर पिळलेलं राहतं. पिळलेलं रबर स्प्रिंगेसारखं ओढतं, नवे शॉकअप टाकूनही गाडी कडक लागते आणि बुश लवकर फाटतो. त्यानंतर अलाइनमेंट, तेही टायरची हवा दरवाज्याच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरून. हेडलाइटची उंची त्याच वेळी बघून घ्या.